रबराच्या पिळावरचे विमान

(कोरपना तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे तिचे वजन पंधरा ग्रॅमदेखील नाही. बांबूच्या चार-सहा कामट्या, पतंगाचा एक ताव, तारेचा तुकडा आणि रबराची एक पट्टी एवढ्यावर ती तयार होते. रबराला पीळ द्यावयाचा, प्रोपेलर बोटाने धरून ठेवावयाचा आणि विमान अलगद हवेत सोडावयाचे. पीळ सुटेपर्यंत ते चढत जाते आणि सुटल्यानंतर तरंगत खाली येते. मुलांचा खेळ म्हणून आपण याकडे पाहतो व सोडून देतो. माझे म्हणणे असे की, या खेळासाठी लागणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट आपल्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती म्हणजे बांबू जाणणारा हात. शाळेसाठी आपण बाहेरून साहित्याच्या पेट्या मागवितो आणि शाळेच्या कुंपणाबाहेर टोपली विणीत बसलेल्या माणसाला मात्र आत बोलावीत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण या खेळण्याचे कूळ मोठे आहे. आल्फोन्स पेनो नावाचा एक फ्रेंच तरुण होता. कंबरेच्या विकारामुळे त्याला नौदलात प्रवेश मिळाला नाही आणि तो उड्डाणाच्या अभ्यासाकडे वळला. त्या काळी विमानाच्या प्रतिकृतींना शक्ती कोठून द्यावी हा मोठाच पेच होता. वाफेचे यंत्र जड पडे आणि घड्याळाची कमान दुबळी ठरे. पेनोने १८७० च्या सुमारास पीळ दिलेले रबर वापरून पाहिले. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युलरी बागेत त्याने आपले छोटे विमान जाणकारांसमोर उडविले. पंखांची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि वजन १६ ग्रॅम. त्यांतील ५ ग्रॅम रबर. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. आपोआप तोल सांभाळून उडालेले हे पहिले विमान, असे अभ्यासक मानतात. मागच्या शेपटीला पंखापेक्षा किंचित उतरता कोन दिला की नाक खाली गेले तरी विमान आपणहून सावरते, हे पेनोने ओळखले होते. आजच्या प्रवासी विमानाच्या तोलामागेही हेच तत्त्व आहे.

योगायोग पाहा. या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट १८७१ रोजी, अमेरिकेत ऑरव्हिल राइट यांचा जन्म झाला. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी दोघां भावांसाठी एक खेळणे आणले. ते पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले, रबराच्या पिळावर छताकडे झेपावणारे खेळणे होते आणि बांबू, बूच व कागद यांचे केलेले होते. ते मोडले तेव्हा भावांनी तसेच दुसरे केले, मग त्याहून मोठे केले. मोठे केलेले मात्र नीट उडेना. लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते, हा नियम त्या वयात त्यांना ठाऊक नव्हता. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले आणि १२० फूट, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर गेले. पेनोचे खेळणे त्याहून थोडे दूर गेले होते! शिक्षकांनी वर्गात हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. पुढचा तास मुलेच घेतील.

अशा प्रसंगी हमखास विचारला जाणारा प्रश्न मी आधीच घेतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, असे आपण ऐकत आलो आहोत. तळपदे हे अभ्यासू व धडपडे गृहस्थ होते. परंतु त्या उड्डाणाला समकालीन नोंदींचा भक्कम आधार मिळालेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे नाव त्यासोबत घेतले जाते, त्यातील विमानांची तपासणी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली आणि ती उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. मुलांना अभिमान द्यावयाचाच असेल, तर ज्याचा उड्डाणकाळ तिने स्वतः घड्याळ लावून मोजला आहे अशा वस्तूचा द्यावा, असे माझे मत आहे.

आता रबरच का? कारण वजनाच्या मानाने शक्ती साठविण्यात पोलादी स्प्रिंग त्याच्या जवळपासही येत नाही. उत्तम प्रतीच्या एक ग्रॅम रबरात सुमारे ८ ते १० ज्यूल शक्ती साठविता येते. बाजारातील साध्या रबरात त्याच्या निम्मी धरू. म्हणजे दोन ग्रॅम रबरात १० ज्यूल. विमान १२ ग्रॅमचे आणि रबर २ ग्रॅमचे, असे एकूण १४ ग्रॅम वजन असेल, तर १० ज्यूलमध्ये ते सरळ वर सुमारे ७३ मीटर उचलले गेले पाहिजे. हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात बरीचशी शक्ती प्रोपेलरने ढवळलेल्या हवेत आणि पंखांना होणाऱ्या अडथळ्यात खर्ची पडते, आणि वीस मीटर उंची गाठली तरी आनंद मानावा. पण ‘उरलेली शक्ती कोठे गेली’ हा प्रश्न मुलीने स्वतः विचारला, की नववीच्या पुस्तकातील कार्य आणि ऊर्जेचे प्रकरण जिवंत होते.

साहित्याविषयी मात्र मी सविस्तर बोलणार आहे. जगभर ही विमाने बाल्सा नावाच्या लाकडाची करतात. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरहून येते. वजनाला पाण्याच्या सहाव्या हिश्शाइतके हलके, पण आपल्याकडे महाग, आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळणे दुरापास्त. बांबू त्याच्या सुमारे चौपट जड असतो. तथापि तो इतका चिवट आहे की त्याची कामटी चौथ्या हिश्शाने बारीक काढली तरी चालते, आणि येथेच हाताचे कसब लागते. दोन मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड आणि चाळीस सेंटिमीटर लांब अशी एकसारखी कामटी काढणे हे यंत्रालाही सोपे नाही. आपल्याकडे बुरडकाम करणारी माणसे तशा कामट्या गप्पा मारता मारता काढतात. कोलाम वस्त्यांत टोपल्या, सुपे व तट्टे विणण्याचे काम पूर्वापार चालत आले आहे. शासनाच्या यादीत कोलाम समाजाची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गटांत आहे. त्या यादीतील ‘असुरक्षित’ हा शब्द वाचला की आपण काय द्यावयाचे याचा विचार करतो. त्यांच्याकडून काय घ्यावयाचे आहे याचा करीत नाही.

बांबूचे शास्त्र तो कारागीर अधिक चांगले सांगेल. मी ऐकलेले व पाहिलेले थोडके सांगतो. बांबूचे बळ सालीकडच्या भागात असते, कारण तेथे तंतू दाट असतात. आतला भाग मऊ व भुसभुशीत. म्हणून कामटी सालीकडून घ्यावी आणि आतली बाजू तासून पातळ करावी. दोन गाठींमधले लांब पेर निवडावे. गाठ आली की कामटी तेथे जाड राहते आणि पंखाचा एक भाग जड होतो. टोपलीला ओला बांबू सोयीचा, विमानाला मात्र वाळलेला व पुरता पिकलेला हवा, नाहीतर आठ दिवसांत पंख वेडावाकडा होतो. मेणबत्तीच्या ज्योतीपासून बोटभर वर धरून हळूहळू वाकविले की बांबू वाकतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. पंखाची गोल टोके अशीच करतात. कामटी दोन बोटांवर मधोमध तोलून पाहण्याची कारागिरांची सवय मुलांना अवश्य लावावी. जड टोक लगेच कळते.

आणखी एक घरचे साहित्य आहे. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी केली असेल. सालीच्या काड्या आणि आतला पांढरा गर यांतून चाके, जू, साटा सारे उभे राहत असे. तो गर बाल्साइतकाच हलका असतो. पंख व काठी यांच्या जोडाशी आधार म्हणून आणि नाकाशी ठोकळा म्हणून तो उत्तम चालतो. सोयाबीन व कापूस वाढल्यापासून ज्वारीचे धांडे पूर्वीसारखे हाताशी नसते, ही गोष्ट वेगळी.

आता बांधणी. बत्तीस सेंटिमीटर लांबीची एक सरळ काठी हा विमानाचा कणा. पंख चाळीस सेंटिमीटर लांब व नऊ सेंटिमीटर रुंद असावा. पुढची व मागची कड कामटीची, आणि मध्ये किंचित कमानदार अशा पाच-सहा आडव्या काड्या. कागद फक्त वरच्या बाजूने, पातळ खळीने चिकटवावा. घट्ट डिंकाने तो आक्रसतो व पंख पिळवटतो. पंख मधोमध जोडताना त्याची दोन्ही टोके तीन-चार सेंटिमीटर वर उचललेली ठेवावीत. विमान एका बाजूस कलले की याच उचलीमुळे ते पुन्हा सरळ होते. शेपटीचा आडवा पंख मोठ्या पंखाच्या एक तृतीयांश, उभा पंख एक दशांश. मोठा पंख काठीला कायमचा चिकटवू नये, रबराने बांधावा, म्हणजे पुढेमागे सरकविता येतो. प्रोपेलर विकत मिळतो, पण प्लॅस्टिकच्या दह्याच्या पेल्यातूनही तो करता येतो. पेल्याच्या भिंतीवर, उभ्या रेषेशी सुमारे १५ अंश तिरकी अशी दोन पाती आखून कापावीत. पेल्याच्या गोलाईमुळे पात्याला लागणारा पीळ आपोआप मिळतो. आस म्हणून कागद अडकवावयाच्या क्लिपची तार, ती फिरण्यासाठी लेखणीच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा, आणि मध्ये काचेचा एक मणी. मणी विसरला तर प्रोपेलर अडखळतो.

रबराची निगा ही अर्धी विद्या आहे. ऊन, उष्णता आणि तेल हे त्याचे वैरी. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उघड्यावर ठेवलेले रबर त्यात चिकट होऊन तुटू लागते. शंखजिऱ्याची पूड लावून, झाकणाच्या डब्यात, माठाशेजारच्या गारव्याला ते ठेवावे. पीळ देताना घर्षण कमी करण्यासाठी ग्लिसरीन किंवा एरंडेलाचा हलका हात फिरवावा. घासलेट, ग्रीस वा यंत्राचे तेल लावू नये. त्याने रबर फुगून निकामी होते. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावण्याचा मोह मुलांना होतो, पण ती जड असते आणि घेतलेली शक्ती पुरती परत देत नाही. पीळ देण्याची रीतही आहे. एकाने विमान धरावे, दुसऱ्याने रबर तिप्पट लांब ताणावे व फेरे देत देत हळूहळू जवळ यावे. न ताणता दिलेल्या पिळापेक्षा यात कितीतरी अधिक फेरे मावतात. रबर तुटून उसळते, म्हणून तोंड जवळ नेऊ नये. डोळ्यांना चष्मा असल्यास बरे.

सर्वांत अधिक चुका होतात त्या उडविताना, कारण मुलांना थेट पूर्ण पीळ द्यावयाचा असतो. आधी पीळ न देता, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून विमान सरळ पुढे ढकलून पाहावे. फेकू नये. त्याचा स्वाभाविक वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे मूल धावत त्याच्या सोबत जाऊ शकते. काठीखाली बोट धरून तोल पाहावा. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश ते निम्मे या दरम्यान यावा. विमान नाक वर करून थबकले व कोसळले, तर नाकाला चिमूटभर माती लावावी किंवा पंख किंचित मागे घ्यावा. ते सरळ जमिनीत घुसले, तर पंख पुढे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. हा नियम मोडला की काय केल्याने काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही, आणि प्रयोग राहत नाही.

तरंगणे जमले की पन्नास फेरे, मग शंभर, मग दीडशे. येथे नवे संकट येते. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलते. पीळ जितका जास्त तितका कल जास्त, आणि पहिल्या काही सेकंदांत रबराचा जोर सर्वाधिक असतो. शंभर फेऱ्यांवर सुरेख उडालेले विमान दोनशेंवर डावीकडे गिरकी घेऊन आपटते ते यामुळे. प्रोपेलरची आस उजवीकडे आणि थोडी खाली, दोन-तीन अंशांनी वळवावी. न्यूटनचा तिसरा नियम पाठ म्हणून दाखविणारा मुलगा आणि हा कोन बरोबर बसविणारा मुलगा यांत मी दुसऱ्याला अधिक गुण देईन. बऱ्याचदा ते दोघे एकच नसतात.

उडविण्याचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा, वेळ सकाळी सूर्य वर येईपर्यंतची. सोयाबीन निघालेले शेत मिळाले तर उत्तम. उभ्या पऱ्हाटीत विमान उतरले की कागद फाटलाच. गडचांदूर, आवारपूर या भागांत सिमेंट कारखान्यांमुळे विजेच्या तारांचे जाळे व जड वाहनांची वर्दळ आहे, तेव्हा जागा पाहूनच मुलांना न्यावे. तारेवर अडकलेले विमान हे गेलेले विमान, असे आधीच बजावून ठेवावे. दहाच्या सुमारास जमीन तापते, हवेचे ऊर्ध्व प्रवाह सुरू होतात आणि घारी पंख न हलविता घिरट्या घालू लागतात. हलके विमान अशा प्रवाहात सापडले तर पीळ संपला तरी खाली येत नाही, दिसेनासे होते. म्हणून पंखावर शाळेचे नाव व गाव लिहावे. परदेशात यावर उपाय म्हणून पूर्वी जळती वात लावीत. ठराविक वेळाने दोरा जळून शेपूट उचलली जाई व विमान खाली येई. आपल्याकडे वाळलेल्या पिकांत व वनालगत तो उपाय कदापि करू नये.

या खेळाच्या स्पर्धा जगभर होतात. लॉर्ड वेकफील्ड यांच्या नावाचा चषक १९२८ पासून आहे. त्या वर्गाच्या आजच्या नियमांप्रमाणे रबर ३० ग्रॅमहून अधिक असू नये आणि उरलेले विमान २०० ग्रॅमहून कमी असू नये. बंद दालनात उडविण्याच्या एका वर्गात तर १.४ ग्रॅमचे विमान ०.४ ग्रॅम रबरावर वीस मिनिटांहून अधिक काळ उडते. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृती हा प्रशिक्षणाचा विषय आहे आणि नागपूरला त्या शाखेचे पथक आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत हे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे दाखविले. तेव्हा आपण काही जगावेगळे करावयास निघालो आहोत, असे मुळीच नाही.

प्रशासनाच्या बाजूचे आता थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. अटल प्रयोगशाळांसाठी २०१६ पासून निवडक शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ज्यांना ते मिळाले त्यांनी त्याचा उपयोग करावा. परंतु ज्यांना मिळाले नाही त्या शाळेने हात बांधून बसण्याचे कारण नाही. बांबूची अडचणही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, तो याच कायद्याच्या बळावर. २०१७ साली वनाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. एका वर्गाला वर्षभर पुरतील इतक्या कामट्या दोन-तीन बांबूंतून निघतात. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे राज्य शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शिक्षकांनी एकदा तेथे जाऊन हत्यारे व कापण्याची पद्धत पाहावी.

माझी खरी सूचना कारागिराविषयी आहे. त्यांना शाळेत बोलवावयाचे ते कौतुकाच्या हाराला मान पुढे करण्यासाठी नव्हे, तर शिकविण्यासाठी. आणि शिकविण्याचे मानधन द्यावयाचे. एक दिवस शाळेत घालविणे म्हणजे त्यांचा टोपल्यांचा एक दिवस बुडणे होय. बाजारात प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्यापासून तो धंदा आधीच खालावला आहे, आणि त्यांची मुले कामटी काढण्याऐवजी दुसरी मजुरी शोधू लागली आहेत. ज्या मुलाच्या घरी हे काम चालते, तो वर्गात बहुधा मागे बसतो. त्याच्या घरी कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, सीमेकडच्या गावांत तेलुगू. पुस्तकी मराठीत तो अडखळतो आणि आपण त्याला मंद समजतो. कामटी हातात आली की त्या वर्गातील क्रम बदलतो. इतर मुले त्याच्याभोवती जमतात, कारण एक मिलिमीटरची कामटी न तुटता काढणे त्यालाच येते.

रबर, कागद, डिंक आणि दोन दिवसांचे मानधन, एवढाच हा खर्च आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात सहज बसण्याजोगा आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शिक्षण या शीर्षाखाली तो मांडावा, म्हणजे हवा शांत असते त्या महिन्यांत विमाने तयार असतील. मागणी लिहिताना ‘विमान साहित्य संच’ असे लिहू नये, नाहीतर खरेदीची निविदा निघेल आणि कपाटात आणखी एक पेटी येऊन पडेल. ‘बांबू कारागीर, मानधन, दोन दिवस’ असे स्पष्ट लिहावे आणि त्यापुढे त्या व्यक्तीचे नाव घालावे.